पानी नावाचा रकाना

माझी भाषा मेली, हे मला आजवर इतक्या लोकांनी सांगितलंय की आता कुणी सुरुवात केली की मी आधी त्याला चहा विचारते. मराठीबद्दल बोलत नाहीये मी. कॉम्प्युटरच्या भाषांबद्दल बोलतेय. मी प्रोग्रामर आहे. नंदुरबारमध्ये, एका कापडाच्या दुकानावरच्या माडीत माझा क्लास आहे; तिथे मुलांना शिकवते आणि उरलेल्या वेळात व्यापाऱ्यांना प्रोग्राम लिहून देते. केस पांढरे झाले तरी लिहिते. "अजून?" असं विचारणारे भेटतात. हो, अजून.

पहिली भाषा शिकले ती बेसिक. गावातल्या टायपिंग क्लासच्या एका खोलीत कॉम्प्युटर आला होता. त्याच्यावर मखमलीचं झाकण, खाली गालिचा, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या. धूळ जाते म्हणून. आता मिरचीचा हंगाम असलेल्या गावात धूळ चपलेतून येते असं मानणारा माणूस बाहेरगावचाच असणार, आणि आमचे सर होतेच धुळ्याचे. हंगाम सुरू झाला की खोलीतले सगळे शिंकायचे, डोळे चोळायचे, आणि सर म्हणायचे, "एकाग्र व्हा."

बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागायचा. दहा, वीस, तीस असे. मधले आकडे मोकळे सोडायचे, म्हणजे नंतर काही आठवलं तर तिथे घुसवता येतं. मला हे फार आवडलं होतं. माणूस काहीतरी विसरणारच, हे धरून चालणारी भाषा मला त्यानंतर फारशी भेटली नाही. पण मी ती शिकून होईपर्यंत सर म्हणाले, बेसिक आता संपली, सी शिका. मग सी शिकले. निळा पडदा, पिवळी अक्षरं. ती मरायला टेकलीये असं तेव्हापासून ऐकतेय. अजून टेकलेलीच आहे आणि अर्ध्या जगाची यंत्रं तिच्यावरच चालतात. कोबोल मी फक्त पुस्तकात वाचली, कारण ती माझ्या जन्माआधीच वारली होती म्हणे. मोठमोठ्या बँकांमध्ये ती आजही कामावर जाते हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

माझे वडील शिंपी होते. त्यांचं पायाचं मशीन काळं, जड, त्यांच्या लग्नाआधीचं. मोटारीची मशीनं आली तेव्हा त्यांना कुणी म्हटलं नाही की तुमच्या हातची शिलाई आता जुनी झाली. शिलाई चांगली की वाईट एवढंच लोक बघायचे. आमच्या धंद्यात मात्र शिवण कुणी बघतच नाही. मशीन कुठल्या सालचं, एवढंच विचारतात.

मी मनापासून रमले ती फॉक्सप्रोत. नाव ऐकून हसू नका. छोट्या गावातल्या व्यापाराचं सगळं तिच्यात मावायचं. पडद्यावर एक चौकट, तिच्यात हुकूम लिहायचा, खाली लगेच उत्तर. लाइट गेली की फायली बिघडायच्या, आणि लाइट तर रोज जायची. मग आल्यावर पहिलं काम म्हणजे सगळी अनुक्रमणिका पुन्हा बांधून घ्यायची. पुण्याची मुलं पुस्तकातून प्रोग्रामिंग शिकली असतील. मी वीज मंडळाकडून शिकले. प्रोग्राम कुठल्याही ओळीवर मरू शकतो, हे गृहीत धरून लिहायची सवय लागली. ती सवय मला अजून सोडवत नाही आणि सोडायचीही नाही.

तो पहिला मोठा प्रोग्राम मी एका मिरचीच्या व्यापाऱ्यासाठी लिहिला. कधीकाळी राजस्थानातून आलेलं घराणं, बाजारात मोठी पेढी. घरातल्या थोरल्यांना सगळं गाव शेठजी म्हणायचं. आमच्याकडे ओली लाल मिरची घेतात आणि गावाबाहेरच्या उघड्या मैदानावर पसरून वाळवतात. त्या मैदानाला पथारी म्हणतात. थंडीत कधी आलात तर लांबूनच दिसेल, आणि त्याच्याही आधी घशाला कळेल. पसरायचं, उलटंपालटं करायचं, देठ खुडायचे, सडकी वेचून टाकायची, हे सगळं बायका करतात. बऱ्याच जणी तळोद्याकडच्या, डोंगराच्या पायथ्याच्या गावांतल्या. टोळी करून येतात, हंगामभर राहतात, होळीच्या आधी परत जातात.

प्रोग्रामचं काम साधं होतं. रनाळ्याकडून, आणखी कुठून, ओली मिरची किती आली. पथारीवर कोणत्या टोळीकडे गेली. वाळून किती भरली. वाळल्यावर वजन उतरणारच. कोणत्या जातीचं किती उतरावं याचा हिशेब शेठजींच्या डोक्यात होता, तो मी काढून प्रोग्राममध्ये घातला. त्याहून जास्त उतरलं तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एक शब्द यायचा: तूट. तूट आली की शेठजी मुकादमाला बोलवायचे आणि विचारायचे.

त्याच वर्षी थंडीत पाऊस झाला. अवकाळी. ताडपत्र्या टाकेपर्यंत निम्मी पथारी भिजली. पुढे त्या मिरच्या वाळून काट्यावर आल्या, आणि पडद्यावर तूट, तूट, तूट. मी पडद्याकडे बघत बसलेली. दारात एका टोळीची मुकादम उभी होती, माझ्याच वयाची बाई, तेव्हा तरणीताठी. तिने विचारलं, "काय सांगस तुन्हा डबा?"

मी म्हटलं, "माल कमी भरला म्हणतोय."

"पानी पडनं ना व माय," ती म्हणाली. "सडेल मिरची आम्ही येचीसन फेकी दिनी. डबाले सांगी दे ना, पानी पडनं."

इतकी साधी गोष्ट. डब्याला सांगायचं की पाऊस पडला. मी प्रत्येक मालामागे एक रकाना वाढवला आणि त्याला नाव दिलं 'पानी'. पाऊस पडला त्या दिवशी जो माल पथारीवर होता, त्याच्यापुढे तिथे खूण करायची. मग प्रोग्राम उतार जास्त धरायचा आणि तूट म्हणायचा नाही. कोरड्या वर्षी तो रकाना रिकामाच राहायचा. रिकामा राहणं हीच चांगली बातमी असायची.

त्यानंतर माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी भाषा आल्या आणि गेल्या. बटणं माउसने ओढून पडद्यावर ठेवायची भाषा आली. पोरांना वाटलं आता प्रोग्रामर लागणारच नाहीत. मग सगळं इंटरनेटवर गेलं. मग दर वर्षी एक नवं फ्रेमवर्क, आणि गेल्या वर्षीचं वापरणारा अडाणी. क्लासला येणारी मुलं विचारायची, "मॅडम, कुठली भाषा घेतली तर नोकरी लागेल?" त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, म्हणून मी प्रत्येक भाषा शिकत गेले, शिकवत गेले. जावा, पीएचपी, पायथन. काही आवडल्या, काहींशी जमलं नाही. पण पेढीवरचा तो जुना प्रोग्राम चालतच राहिला. कॉम्प्युटर बदलले, तेव्हा नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर असल्यासारखी एक खिडकी उघडून त्यात तो चालवला. शेठजींचं म्हणणं, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा.

शेठजी थकले, पेढीवर यायचे थांबले, आणि त्यांच्या मुलाने कारभार घेतला. पुण्यात शिकून आलेला. लहान असताना माझ्या खुर्चीवर चढून कीबोर्ड बडवायचा, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. चारचौघांत मात्र शेठ म्हणते. मुलगा वाईट नाही. फक्त त्याला पेढी मोबाइलवर बघायची होती. मुंबईच्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता बोटाने सरकवून माल दाखवायचा होता. त्यात चूक काय? मी स्वतः म्हटलं, "करून घे. माझा प्रोग्राम मोबाइलवर यायचा नाही."

"ताई, तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?" त्याने विचारलं.

वाटलं. कुणाला नाही वाटणार? पण ते मी चहाबरोबर गिळलं.

पुण्याच्या एका कंपनीने काम घेतलं. माझ्या प्रोग्रामला ती मुलं 'लेगसी' म्हणायची, म्हणजे मागल्यांकडून आलेला वारसा. कानाला बरा लागणारा शब्द आहे, पण म्हणताना चेहरे असे करायची की जणू घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. त्यांनी माझा सगळा कोड मागून घेतला आणि हल्लीच्या त्या बोलणाऱ्या यंत्राला दिला, की हे वाच आणि नव्या भाषेत लिहून दे. माझं अख्खं तरुणपण त्या यंत्राने एका दुपारी वाचून काढलं. मग ती मुलं खऱ्या मालाची माहिती मागू लागली, नमुना म्हणून. शेठजींच्या मुलाने त्यांना मागच्या हंगामाची दिली. मागचा हंगाम खणखणीत कोरडा होता.

दिवाळीनंतर नवा प्रोग्राम सुरू झाला. सुंदर होता, खोटं कशाला बोलू. रंग छान, मराठी अक्षरं झकास, आणि पेढीवरच्या कारकुनाला एका तासात जमला. माझ्या काळ्या पडद्याला देवनागरी कधी लिहिताच आली नाही.

आणि मग त्याच थंडीत पाऊस झाला. दोन सरी, पण जोरात. आधी ढग, मग ताडपत्र्यांची धावपळ, मग दुसऱ्या दिवशी ओल्या, काळवंडलेल्या मिरचीचा तो आंबूस वास. सगळ्या पथाऱ्यांवर हेच. त्याची कुणाला बातमी वाटली नाही.

काही आठवड्यांनी एका सकाळी मी क्लास उघडत होते, तर जिन्यात ती मुकादम बसलेली. तीच. आता आम्ही दोघीही म्हाताऱ्या. तिच्या टोळीत आता तिच्या सुनाही आहेत. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"आमनं गाठोडं सोडीसन देखतस," ती म्हणाली. "सांजले, फाटकवर. रोज."

मला कळेना. "कोण बघतं?"

"वॉचमन. बठ्या बायासनं देखस. भाकरीनं फडकं बी झटकस." रोज सगळ्या बायकांची झडती. तिचा आवाज चढला नव्हता, तेच मला जास्त लागलं. "आम्ही चोर शेतस का?"

मी पेढीवर गेले. जाताना रस्ताभर मला ठाऊक होतं काय झालंय. शेठजींच्या मुलाने मोबाइल पुढे केला. त्याच्यावर लाल पट्ट्याच पट्ट्या. तूट. तूट. तूट. प्रत्येक पट्टीखाली टोळीचं नाव, आणि बहुतेक ठिकाणी तिचीच टोळी, कारण पथारीचा सखल भाग तिच्याकडे होता आणि पाणी तिथेच साचलं होतं.

"मी कुणाला चोर म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "फक्त चेक करतोय. एवढा माल जातो कुठे, ताई?"

"सडला. वेचून फेकला. तुझ्या डोळ्यांसमोर पाऊस पडला ना?"

"पाऊस धरूनच सिस्टीमने हिशेब केला असेल की."

"कुणी सांगितलं तिला पाऊस पडल्याचं?"

त्याने मोबाइल खिशात घातला. मग म्हणाला, "सिस्टीमला बायकांशी काय वैर आहे? आकडे आहेत ते."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय, आणि प्रत्येक वेळी माझं डोकं भणभणतं. आकडे आपले आपण जन्माला येत नाहीत. कुणीतरी ठरवतं काय मोजायचं आणि काय नाही. मी ठरवलेलं आहे, माझ्या हाताने, म्हणून मला माहीत आहे. मी त्याला म्हटलं, कंपनीला फोन लाव.

व्हिडिओवर एक तरुण आला. त्यांच्या गटाचा प्रमुख. नम्र, हुशार, कानात यंत्र. मी म्हटलं, माझ्या प्रोग्रामात 'पानी' नावाचा एक रकाना होता, तो कुठे गेला? त्याने शोधलं आणि जराही न अडखळता सांगितलं, "मॅडम, तो फील्ड आम्ही काढला. सगळ्या डेटामध्ये तो रिकामाच होता. वापरात नसलेला वाटला."

"रिकामा होता कारण पाऊस पडला नव्हता."

"हो, तसं असू शकतं." तो खरोखरच विचार करत होता. "आपण ते परत घालू. रिक्वेस्ट टाका, पुढच्या टप्प्यात घेऊ. साधारण होळीपर्यंत होईल."

होळीपर्यंत. होळीला बायका आपापल्या गावी गेलेल्या असतात. म्हणजे हंगामभर गाठोडी सोडून दाखवायची आणि चोर म्हणूनच घरी जायचं, आणि मग मागाहून मोबाइलवरची पट्टी लाल राहणार नाही. शिवाय पुढच्या वर्षी कोणती पथारी त्यांना बोलावणार? बाजारात असली गोष्ट पसरायला हंगाम लागत नाही.

मी म्हटलं, "कोड मला द्या. मी घालते."

तो हसला नाही, पण हसू आवरलेलं दिसलं. "मॅडम, स्टॅक पूर्ण वेगळा आहे. फॉक्सप्रोसारखं नाहीये ते."

"तुम्ही जन्मायच्या आधीपासून लोक मला हेच सांगतायत," मी म्हटलं. "वेगळं आहे, वेगळं आहे. द्या."

शेठजींचा मुलगा मधे पडला, की ताई, ते लोक करतील, घाई कशाला. तेव्हा मी त्याला चारचौघांत अरेतुरे केलं. म्हटलं, "ऐक. कोडवर मालकी तुझी आहे, करारात लिहिलेलं असणार. तू नाही म्हणालास तर मी आज संध्याकाळपासून फाटकावर त्या बायकांबरोबर बसेन. सगळा बाजार विचारेल ही इथे का बसलीये, आणि मी सांगेन." कारकून टेबलावरचे कागद उगाच सरळ करू लागला. मुलाने कंपनीच्या माणसाला मान हलवून सांगितलं, द्या.

कोड आला. आमच्या वेळी जपून ठेवायची पद्धत म्हणजे फायलीला मिरची, मिरची-दोन, मिरची-नवी, मिरची-नवी-शेवटची अशी नावं देत जायचं आणि फ्लॉपी डब्यात ठेवायची. आता प्रत्येक बदल कुणी, कधी, का केला हे आपोआप साठत जातं. गिट म्हणतात त्याला. नाव ऐकून होते, मुलांना वरवर शिकवलंही होतं, पण जीव लावून पहिल्यांदाच वापरलं. आणि मला ते आवडलं. एवढं चांगलं हत्यार हातात असून लोक घाई का करतात, हे मात्र मला कळलं नाही.

क्लासच्या बॅचेसच्या मधल्या वेळात मी तो कोड वाचत बसले. भाषा नवी, मांडणी नवी, पण जरा वाचल्यावर माझंच माझ्यासमोर येऊ लागलं. मिरचीच्या जाती मी ज्या क्रमाने तपासायचे तोच क्रम. शेठजींच्या डोक्यातून काढलेले ते उताराचे आकडे, जसेच्या तसे. त्या यंत्राने माझं काम छान उचललं होतं, अगदी माझ्या वाकड्या सवयींसकट. फक्त पाऊस वगळला होता.

अडलं तिथे मी त्या बोलणाऱ्या यंत्रालाच विचारलं. त्यानेही मन लावून मदत केली, चिडलं नाही, हसलं नाही. माझ्या पहिल्या सरांपेक्षा बरं. शेवटी मी त्याला जुना कोड आणि तो नमुना दाखवून विचारलं, हा रकाना काढायला तू का सांगशील? त्याने नम्रपणे लिहिलं की दिलेल्या माहितीत त्या रकान्यात एकही नोंद नाही, त्यामुळे तो अनावश्यक वाटतो. मला त्याचा राग आला नाही. त्याला पथारी कुणी दाखवली होती? राग आला तो माणसांचा, ज्यांनी पाऊस डोळ्यांनी पाहिला आणि तरी लाल पट्टीवर विश्वास ठेवला.

मी रकाना परत घातला. नावही तेच ठेवलं. कंपनीच्या त्या प्रमुखाने तपासताना शेरा मारला, की नाव इंग्रजीत हवं, सगळ्यांना कळेल असं. मी उत्तर लिहिलं, ज्यांच्यासाठी आहे त्यांना कळतं. आणि वर एक टीप टाकली, या वेळी देवनागरीत, अहिराणीत: पानी पडनं तर तूट धरू नका. इतकी वर्षं मला ती लिहायची होती आणि पडदा परवानगी देत नव्हता. त्या तरुणाने ती तशीच ठेवली आणि बदल मान्य केला. चांगला पोरगा आहे. पुढे मला म्हणाला, रिकामा रकाना काढायच्या आधी विचारायचं, हे आम्ही इतर ठिकाणीही पाळणार आहोत.

पेढीवर बसून मी पावसाची तारीख भरली. शेठजींचा मुलगा बाजूला उभा. लाल पट्ट्या एकेक करून साध्या होत गेल्या. शेवटी एक उरली. ती काही केल्या जाईना.

"ही?" तो लगेच म्हणाला.

मी पुन्हा तपासलं. मिरची गुरं तुडवतात, वारा उडवतो, पोत्यातून सांडते, काट्यावर माणूस चुकतो. कारण मला माहीत नव्हतं, आणि ती पट्टी घालवायची असती तर मला एका मिनिटात घालवता आली असती. मी म्हटलं, "ही लाल राहील. मी खोटं हिरवं करणार नाही. पण एका मालासाठी अख्ख्या टोळीची गाठोडी उघडायची का, ते तू सांग. सिस्टीमला विचारू नकोस. तू सांग."

त्याने त्या पट्टीखालचं टोळीचं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "वॉचमनला सांगतो, उद्यापासून नको." आणि थोड्या वेळाने, "ताई, तुम्हीच सांगा ना त्यांना. सॉफ्टवेअरची चूक होती म्हणून."

"सॉफ्टवेअरने कुणाचं भाकरीचं फडकं झटकलं नाही," मी म्हटलं.

तरी मी पथारीवर गेले आणि मुकादमबाईला निरोप दिला, की झडती थांबली. ती मिरची उलटत होती, तिने हात थांबवले नाहीत. भोवतीच्या बायका आपल्या पावरी बोलीत काहीतरी बोलल्या, मला कळलं नाही. मग ती म्हणाली, "थांबनी ते बरं व्हयनं. पन आज सांजले येकदाव देखाले सांग. त्याले. वॉचमनले नई."

संध्याकाळी शेठजींचा मुलगा फाटकावर आला. बहुतेक त्याला वाटलं होतं दोन शब्द बोलायचेत. मुकादम सगळ्यात पुढे होती. तिने गाठोडं त्याच्या पायाशी जमिनीवर ठेवलं, बसली, गाठ सोडली. भाकरीचं रिकामं फडकं, लसणाची चटणी राहिलेली डबी, डोक्याला बांधायचं दुसरं कापड, नातवाचा स्वेटर.

"नको, नको, बाई," तो म्हणाला. "झालं ते. जा तुम्ही."

"देख," ती म्हणाली.

त्याने मान वळवली. ती बसूनच राहिली, आणि मागची रांगही हलली नाही. फाटकाबाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता, बायकांना मुक्कामाच्या जागी सोडायची घाई. शेवटी त्याने खाली पाहिलं. नीट पाहिलं. मग तिने गाठ बांधली आणि दुसरी पुढे आली, तिने सोडलं. मग तिसरी. तो प्रत्येक गाठोड्यात बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. मला त्याची दया आली, हे कबूल करते. पण मी त्याला सोडवायला गेले नाही.

शेवटची बाई गेली. फाटकात तो आणि मी राहिलो. मी खांद्यावरची बॅग काढली, चेन उघडली आणि त्याच्यापुढे धरली. आत लॅपटॉप, वायर, चष्मा, पाण्याची बाटली.

"तुमची कशाला, ताई?" तो म्हणाला.

"मीही याच मिरचीत काम करते," मी म्हटलं. "देख."